डिस्चार्ज बुकात हुद्दा चुकला आहे? अर्ज करण्याआधी हे तपासा

हिवरा आश्रम, मेहकर, जानेफळ, डोणगाव या पट्ट्यातले माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. "मी हवालदार म्हणून घरी आलो आणि पीपीओवर नाईक लिहिलंय." "वडील सुभेदार होते, पण आईच्या फॅमिली पेन्शनच्या कागदावर नायब सुभेदार आहे." "स्पर्शवर हुद्दा भलताच दिसतो, बुलढाण्याला सैनिक बोर्डात गेलं की बदलून मिळेल का?" जानेवारीत विवेकानंद जन्मोत्सवाला रजेवरचे जवान आणि निवृत्त मंडळी एकत्र आली की हे विषय हमखास निघतात. प्रत्येकाला वेगळा सल्ला मिळतो. कोणी प्रतिज्ञापत्र करायला सांगतो, कोणी पेपरात जाहिरात द्यायला सांगतो, कोणी थेट दिल्लीला पत्र धाडायला लावतो.

यातल्या बहुतेक सल्ल्यांनी वेळ आणि पैसा वाया जातो. हुद्द्याची दुरुस्ती फक्त तुमच्या रेकॉर्ड ऑफिसात होते आणि ती लष्कराच्या स्वतःच्या कागदाच्या आधारावरच होते. म्हणून अर्ज लिहिण्याच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा: चूक नेमकी कोणत्या प्रकारची आहे आणि ती दाखवणारा कागद कुठे आहे.

तुमची तक्रार यांपैकी कोणती?

पहिला प्रकार नोंदीच्या चुकीचा. बढती मिळाली, तिचा आदेश निघाला, पगारही वाढला. पण निवृत्तीच्या वेळी कागद तयार करताना जुनाच हुद्दा उतरवला गेला. किंवा रेकॉर्ड ऑफिसात नोंद बरोबर आहे आणि फक्त पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, किंवा स्पर्श या पेन्शन पोर्टलवर चूक झाली आहे. ही कामं होतात. वेळ लागतो, पण होतात.

दुसरा प्रकार समजुतीचा. कागद बरोबर आहे, पण आपण तो वेगळ्या अर्थाने वाचतो. याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक अर्ज इथेच फुकट जातात.

तिसरा प्रकार न मिळालेल्या बढतीचा. "माझ्या मागच्याला नाईक केलं, मला डावललं." ही व्यथा खरी असू शकते, पण ती नोंदीची दुरुस्ती नाही. तो बढतीचा दावा आहे. त्याचा मार्ग वेगळा, मुदतीचे नियम कडक आणि पुरावाही वेगळा. नोंद-दुरुस्तीच्या अर्जात हा दावा मिसळला की सोपी दुरुस्तीही अडकते. दोन्ही असतील तर दोन स्वतंत्र अर्ज करा.

कागद बरोबर असूनही चूक वाटते, ती ठिकाणं

- हुद्द्याची वेगळी नावं. तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ईएमईमध्ये क्राफ्ट्समन, रणगाडा दलात सवार, गार्ड्समध्ये गार्ड्समन. ही सगळी शिपाई या एकाच हुद्द्याची नावं. तसंच दफेदार म्हणजे हवालदार आणि रिसालदार म्हणजे सुभेदार. डिस्चार्ज बुकात 'गनर' आणि दुसऱ्या कागदावर शिपाई असेल तर तुमचं काहीही कमी झालेलं नाही.

- एमएसीपी. सेवेची 8, 16 आणि 24 वर्षं झाल्यावर बढती न मिळालेल्या जवानाला वरच्या श्रेणीचा पगार मिळतो. हा पगार वाढतो, हुद्दा तोच राहतो. नाईक असताना हवालदाराची एमएसीपी मिळाली असेल तर डिस्चार्ज बुकात 'नाईक' हेच बरोबर. मात्र पेन्शनच्या हिशेबात ती एमएसीपी धरली आहे की नाही, हे जरूर तपासा. ती सुटली असेल तर ती खरी चूक आहे आणि अर्जात 'हुद्दा' न लिहिता 'एमएसीपीची नोंद' असं लिहा.

- ऑनररी हुद्दा. चांगल्या सेवेबद्दल हवालदाराला निवृत्तीनंतर ऑनररी नायब सुभेदार हा मान मिळतो. सुभेदार, सुभेदार मेजरांना 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट वा कॅप्टन केलं जातं. निवृत्तीनंतर मिळालेला मान डिस्चार्ज बुकात आधीच छापलेला असणार नाही, हे उघड आहे. त्याची वेगळी नोंद करून घ्यावी लागते. ऑनररी नायब सुभेदारांच्या पेन्शनबाबत बराच झगडा झाला. 1 जानेवारी 2006 नंतर निवृत्त झालेल्यांना नायब सुभेदाराच्या हिशेबाने पेन्शन मान्य झाली. त्याआधी निवृत्त झालेल्यांसाठी चंदीगडच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने 2010 साली विरेंदर सिंग यांच्या प्रकरणात तोच न्याय लावला आणि सर्वोच्च न्यायालयातही केंद्राची याचिका टिकली नाही. तुमच्या घरी ऑनररी नायब सुभेदार केल्याचा कागद असेल आणि पेन्शन अजून हवालदाराचीच येत असेल तर गप्प बसू नका.

- पदकावरचा हुद्दा. पदकाच्या कडेवर आणि मानपत्रात त्या वेळचा हुद्दा कोरला जातो आणि तो पुढे बदलत नाही. नामदेव जाधव यांना 1945 साली इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा ते शिपाई होते, पुढे हवालदार झाले. कारवारकडचे राम राघोबा राणे यांना 1948 च्या कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळालं ते सेकंड लेफ्टनंट म्हणून. निवृत्त झाले ते मेजर म्हणून.

- डीएससीची दुसरी नोकरी. रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले बरेच जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती होतात, तेही बहुधा शिपाई म्हणून. त्यांच्या दोन सेवा, दोन रेकॉर्ड ऑफिसं आणि कागदांवर दोन हुद्दे असतात. दोन्ही खरे.

- अनपेड लान्स नाईक. बाहीवर फीत होती, फोटोही आहे, पण पगार शिपायाचा होता. अशी नेमणूक पेन्शनचा हुद्दा ठरवत नाही.

- दहा महिन्यांची अट. जुन्या नियमांत शेवटचा हुद्दा निवृत्तीपूर्वी किमान दहा महिने धारण केलेला नसेल तर पेन्शन खालच्या हुद्द्यावर बसत असे. त्यामुळे जुन्या निवृत्तांच्या डिस्चार्ज बुकात एक आणि पेन्शनच्या रकान्यात दुसरा हुद्दा दिसू शकतो. बढतीची आणि निवृत्तीची तारीख शेजारी ठेवून महिने मोजा, उत्तर लगेच मिळेल.

शिक्षा म्हणून किंवा स्वतःच्या विनंतीवरून हुद्दा कमी झालेला असू शकतो. घरच्यांना हे अनेकदा ठाऊक नसतं. वारसांनी अर्ज करताना ही शक्यता मनात ठेवावी, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही.

खरा पुरावा: पार्ट टू ऑर्डर

लष्करात बढती, बदली, लग्न, मूल, रजा, शिक्षा यांची अधिकृत नोंद पार्ट टू ऑर्डरने होते. युनिट तो आदेश काढतं, त्याला क्रमांक आणि तारीख असते आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिसातल्या तुमच्या शीट रोलमध्ये नोंद चढते. त्या आदेशात तुमचा आर्मी नंबर, आधीचा हुद्दा, नवा हुद्दा आणि तो कोणत्या तारखेपासून लागू, एवढंच असतं. पण ही एक ओळ तुमच्या बाजूने असेल तर निम्मं काम झालं.

तो कागद हातात नसेल तर त्याकडे नेणारे दुसरे कागद शोधा. शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपा, बढतीच्या केडरचा निकाल, युनिटचं अभिनंदनाचं पत्र, जुनी रजा प्रमाणपत्रं, शेवटच्या पगाराचा दाखला. यांपैकी प्रत्येकावर हुद्दा आणि तारीख असते. एकट्याने यातला कोणताही कागद पुरत नाही. पण "अमुक महिन्यात मला नाईकाचा पगार मिळत होता" हे दाखवता आलं तर रेकॉर्ड ऑफिसाला नेमका तो महिना उघडून पाहावा लागतो. तीन फिती लावलेला फोटो, सरपंचाचा दाखला, सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं यांवर मात्र हुद्दा बदलत नाही.

पेन्शन न घेता सेवेतून आलेल्यांचे सेवेचे कागद साधारण 25 वर्षांनी नष्ट केले जातात. त्यानंतर उरतो तो लाँग रोल, म्हणजे कायम जपलेली नोंदवही. 1965 किंवा 1971 च्या काळात थोडी वर्षं सेवा करून परतलेल्यांच्या घरच्यांनी थेट लाँग रोलचा उतारा मागावा.

अर्ज कुठे जातो

बुलढाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला आपण अजून सैनिक बोर्ड म्हणतो, ते राज्य सरकारचं आहे. ते हुद्दा बदलू शकत नाही. पण कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं हे सांगणं, कागद साक्षांकित करणं आणि तुमचा अर्ज स्वतःच्या पत्रासह पुढे पाठवणं हे तिथे होतं. ते पत्र जोडलेलं असलं की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

मराठी जवानांचा जास्त संबंध येतो ती रेकॉर्ड ऑफिसं अशी: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सचं कामठीला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, ईएमई आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबादला, मेडिकल कोअरचं लखनौला, डीएससीचं केरळात कन्नूरला. नौसैनिकांनी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सला आणि वायुसैनिकांनी दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं.

अर्ज असा लिहा

एक पान पुरे. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे मराठीत गाऱ्हाणं मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे, पण काम लवकर व्हावं म्हणून हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेलं बरं. सेवेचा इतिहास, लढायांची वर्णनं, मनातला राग यांना अर्जात जागा देऊ नका. मजकूर साधारण असा असावा:

"माझा आर्मी नंबर अमुक. मी अमुक युनिटमधून अमुक तारखेला हवालदार या हुद्द्यावर निवृत्त झालो. हवालदार पदावरची माझी बढती पार्ट टू ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक अमुक प्रमाणे झाली आहे. पीपीओ क्रमांक अमुक यामध्ये हुद्दा नाईक असा नोंदवला आहे. कृपया नोंद तपासून दुरुस्ती करावी आणि पेन्शन कार्यालयाकडे दुरुस्त पीपीओसाठी प्रकरण पाठवावं. दुरुस्ती शक्य नसल्यास कारण आणि नियम लेखी कळवावा."

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी कारण मिळालं तरच पुढची पायरी चढता येते.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची प्रत, पीपीओ, पुराव्याचा कागद, आधार आणि बँक पासबुकाचं पहिलं पान जोडा. मूळ डिस्चार्ज बुक टपालाने कधीही पाठवू नका. रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितलं तरच द्या आणि पोच घ्या. 2025 साली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली गेली आहे. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा आणि अर्ज पोहोचल्याचा पुरावा फाईलला लावा.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार

पुराव्याचा कागद नाही, म्हणून दुरुस्तीचा अर्ज नाही, म्हणून वर्षानुवर्षं काहीच नाही, अशी अनेक घरं आहेत. त्यांनी सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करावी. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून घरबसल्या किंवा सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. "माझा हुद्दा का चुकला" असा प्रश्न विचारू नका, कारण या कायद्यात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. मागणी अशी करा:

1. माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत;
2. माझ्या सर्व बढत्यांच्या पार्ट टू ऑर्डर्सच्या प्रती;
3. निवृत्तीच्या वेळी पेन्शन कार्यालयाला पाठवलेल्या एलपीसी-कम-डेटा शीटची प्रत;
4. हे कागद नष्ट केले असतील तर तो आदेश आणि लाँग रोलचा उतारा.

तिसरा कागद फार बोलका असतो. त्यात हुद्दा बरोबर असेल तर चूक पुढे पेन्शन कार्यालयात झाली. त्यातच चूक असेल तर चुकीचं मूळ रेकॉर्ड ऑफिसात आहे. 30 दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्याच्या निर्णयानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.

पीपीओ, स्पर्श आणि थकबाकी

रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्ती मान्य केली की प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि तिथून दुरुस्त पीपीओ, म्हणजे कॉरिजेंडम, निघतो. स्पर्शवर तुम्ही चूक कळवू शकता आणि कळवावीच, पण हुद्द्याच्या बाबतीत खातरजमा शेवटी रेकॉर्ड ऑफिसच करतं. गावातल्या सेवा केंद्रात तुमच्या नावाने हुद्दा 'बदलून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ओटीपी कोणालाही सांगू नका.

हुद्द्याचा फरक किरकोळ नसतो. वन रँक वन पेन्शनचे तक्ते हुद्दा आणि सेवेची वर्षं यांवरच आहेत. 1 जुलै 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही टप्प्यांवर चुकीचा हुद्दा चुकीचीच रक्कम देत गेला असेल. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेतही नायब सुभेदारापासून पुढे सेमी-प्रायव्हेट वॉर्डचा हक्क आहे.

थकबाकीबाबत अपेक्षा वास्तव ठेवा. तरसेम सिंग प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पेन्शनची चूक दर महिन्याला नव्याने घडत असते, त्यामुळे उशीर झाला तरी दावा बुडत नाही. मात्र थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे थांबलेल्या प्रत्येक महिन्याचे पैसे मागच्या टोकाला गळत जातात.

"फाईल उघडली आणि आपल्यालाच जास्त मिळालेलं निघालं तर?" ही भीती अनेकांना गप्प बसवते. रफिक मसीह प्रकरणात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने खालच्या श्रेणीतल्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून, त्यांची चूक नसताना दिलेल्या जादा रकमेच्या वसुलीवर मर्यादा घातल्या आहेत. वसुलीचं पत्र आलंच तर त्या निर्णयाचा उल्लेख करून लेखी हरकत घ्या.

प्रकरण चालू असताना हयातीचा दाखला मात्र वेळेवर द्या. हुद्द्याच्या वादापायी चालू पेन्शन बंद पडू देऊ नका.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

आधी सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. सैन्यातल्यांनी दिल्लीच्या डायरेक्टोरेट ऑफ इंडियन आर्मी व्हेटरन्सलाही प्रत पाठवावी. रक्षा पेन्शन समाधान आयोजन (पूर्वीची पेन्शन अदालत) जवळपास भरणार असेल तर पीपीओच्या चुका तिथे मांडता येतात.

त्यानंतरचा दरवाजा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. 2007 च्या कायद्याने ते झालं आणि 2009 पासून काम करतं. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला आहे आणि निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो. रेकॉर्ड ऑफिस सागरला असलं तरी सागरला जावं लागत नाही. नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही तर निवेदनानंतर सहा महिने वाट पाहायची आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला असेल तर माफीचा स्वतंत्र अर्ज जोडता येतो. वकील सक्तीचा नाही. मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने (नालसा) 2025 साली सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली आहे.

एक महत्त्वाचा फरक. आपल्या जिल्ह्यातून सीआरपीएफ आणि बीएसएफमध्येही बरीच मुलं गेली आहेत; 2019 च्या पुलवामा हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याने सीआरपीएफचे दोन जवान गमावले. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या हुद्द्याची प्रकरणं या न्यायाधिकरणात चालत नाहीत. आधी दलाच्या कार्यालयात आणि मग उच्च न्यायालयात, आपल्याकडे नागपूर खंडपीठात, जावं लागतं.

पत्नी आणि वारसांसाठी

जवान हयात नसला तरी हक्क संपत नाही. फॅमिली पेन्शन त्याच्याच हुद्द्यावर ठरते, म्हणून पत्नी स्वतःच्या नावाने दुरुस्ती मागू शकते, आणि न्यायाधिकरणाचा कायदा वारसांनाही लागू आहे. मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ आणि नात्याचा पुरावा जोडा. पत्नीचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर तो अर्ज वेगळा करा. नावासाठी लागणारं प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरात हुद्द्यासाठी लागत नाही.

घरात निवृत्त वडील किंवा आजोबा असतील तर याच आठवड्यात त्यांच्याशेजारी बसा. आर्मी नंबर, प्रत्येक युनिटचं नाव, प्रत्येक बढतीचं ठिकाण आणि वर्ष त्यांच्याकडून लिहून घ्या, डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि पीपीओवरचा हुद्दा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चूक असेल तर तेच ती लगेच सांगू शकतील.